थेम्स नदीचे कारभारी : सर जोसेफ बॅझलजेट

दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभा सृष्टीसाठी प्रार्थना करण्यात घालवते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या संवर्धनार्थ जागतिक प्रार्थनादिन म्हणून जाहीर केला आणि असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या सणाने ह्या काळाची सांगता होते. आपल्या धर्मग्रामांत ह्या निमित्ताने झाडे लावली जातात, संत फ्रान्सिस ह्यांच्या चरित्राचे मनन होते. ह्या वेळी मात्र आम्ही वाचकांपुढे एक वेगळेच चरित्र ठेवीत आहोत. हे गृहस्थ संत नव्हते, धर्मगुरू नव्हते, आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे सभासदही नव्हते. ते लोकसेवेतील एक अभियंता होते आणि त्यांचे उभे आयुष्य गटारे बांधण्यात गेले.

गटार आणि श्रद्धा हे दोन शब्द एका वाक्यात आणताना लेखणी अडखळते, हे आम्ही कबूल करतो. सेमिनरीत नीतिशास्त्राचे पाठ घेत असताना चोरी, खोटी साक्ष, अन्याय्य वेतन ह्या विषयांवर आम्ही तासन्‌तास चर्चा केली; परंतु आपल्या घरातून वाहून जाणारे सांडपाणी कोणाच्या दारात जाते, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नव्हता. सर जोसेफ बॅझलजेट ह्यांच्या चरित्रातून तोच प्रश्न पुढे येतो. म्हणून त्यांचे कर्तृत्व आणि त्या कर्तृत्वाची मर्यादा अशा दोन्ही बाजू आम्ही येथे मांडणार आहोत.

बालपण आणि उमेदवारी

जोसेफ विल्यम बॅझलजेट ह्यांचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेस एनफील्ड येथे झाला. त्यांचे आजोबा फ्रान्समधून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झाले होते. शिंप्याच्या व्यवसायात त्यांनी असा लौकिक मिळवला की, पुढे चौथा जॉर्ज म्हणून सिंहासनावर बसलेल्या युवराजाचे कपडे ते शिवीत असत. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. नातवाने मात्र कात्री किंवा तलवार न धरता मोजपट्टी हाती घेतली.

वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते जॉन मॅकनील ह्या नामांकित आयरिश अभियंत्याकडे उमेदवारी करू लागले. आयर्लंडच्या उत्तर भागात दलदलीच्या जमिनीतून पाण्याचा निचरा करून ती लागवडीखाली आणण्याचे काम तेथे चाले. पाणी कोणत्या उताराने वाहते, कोठे साचते, जमीन ते किती शोषते ह्याचे प्राथमिक धडे त्यांनी तेथे चिखलात उभे राहून गिरविले. १८४२ साली त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. १८४५ साली आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातील मारिया कीओ ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

तो काळ इंग्लंडमध्ये रेल्वेच्या वेडाचा होता. दररोज नव्या मार्गांच्या योजना निघत आणि अभियंत्यांना दिवसरात्र राबावे लागे. ह्या कामाच्या ओझ्याखाली १८४७ साली बॅझलजेट ह्यांची प्रकृती पूर्णपणे ढासळली. मनाचा आणि शरीराचा तोल गेलेल्या ह्या तरुणाला काही काळ व्यवसाय सोडून गावाकडे विश्रांती घ्यावी लागली. त्याच माणसाच्या हातून पुढे शतकातील एक अतिप्रचंड काम होणार आहे, असे त्या वेळी कोणालाही वाटले नसते. परमेश्वर दुर्बळांना निवडतो, ह्या संत पौलाच्या शिकवणुकीची येथे सहज आठवण होते.

आजारी महानगर

१८४९ साली बॅझलजेट लंडनच्या मलनिःसारण आयोगात साहाय्यक सर्वेक्षक म्हणून रुजू झाले. त्या वेळच्या लंडनची अवस्था समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही.

१८०१ साली सुमारे दहा लाख लोकवस्ती असलेले हे शहर १८५१ पर्यंत तेवीस लाखांच्या पुढे गेले होते. पूर्वी घराघरांखाली मैल्याचे खड्डे असत. रात्री मजूर येऊन ते उपसत आणि तो मैला शहराबाहेरच्या शेतांत खत म्हणून जाई. पुढे पाण्याने धुतली जाणारी शौचकूपे श्रीमंत घरांत आली, मग मध्यमवर्गीयांच्या घरांत आली. ह्या पाण्याने खड्डे भरून वाहू लागले. तेव्हा आरोग्याच्या चांगल्या हेतूनेच अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की, खड्डे बंद करावेत आणि घरांचे नळ गटारांना जोडावेत. ती गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती आणि ती सर्व थेम्स नदीत उतरत. फ्लीटसारख्या ज्या लहान नद्या एकेकाळी शहराच्या मधून उघड्या वाहत होत्या, त्यांच्यावर केव्हाच छप्पर घालून त्यांची गटारे झाली होती. अशा रीतीने घरे स्वच्छ झाली आणि नदी मेली.

थेम्स ही लंडनमध्ये भरती-ओहोटीची नदी आहे. त्यामुळे सकाळी ओहोटीबरोबर गेलेली घाण संध्याकाळी भरतीबरोबर परत येई. अनेक पाणीपुरवठा कंपन्या ह्याच नदीतून पिण्याचे पाणी उचलीत. १८५५ सालच्या जुलै महिन्यात मायकेल फॅरडे हे थोर शास्त्रज्ञ आगबोटीने नदीतून जात असताना त्यांनी पांढऱ्या कागदाचे तुकडे भिजवून पाण्यात सोडले. ते पृष्ठभागाखाली बोटभर जाताच दिसेनासे झाले, इतके पाणी गढूळ होते. फॅरडे हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. त्यांनी ही हकिकत वृत्तपत्राला पत्र लिहून कळवली आणि उन्हाळा येईल तेव्हा ह्या बेपर्वाईची किंमत मोजावी लागेल, अशा आशयाचा इशारा दिला.

किंमत तर आधीपासूनच मोजली जात होती. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीत लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे दगावली. १८५३-५४ च्या साथीत आणखी १०,००० हून अधिक बळी गेले. दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतो, असे त्या काळचे बहुतेक वैद्य मानीत. डॉ. जॉन स्नो ह्यांचे मत वेगळे होते. पटकी पाण्यातून पसरते, असे ते सांगत. १८५४ साली सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती सहाशेहून अधिक माणसे मरण पावली, तेव्हा स्नो ह्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. त्याच वस्तीतील हेन्री व्हाइटहेड नावाचे तरुण अँग्लिकन धर्मगुरू आरंभी स्नो ह्यांचे मत खोडून काढायला निघाले होते. परंतु धर्मग्रामातील घर न घर त्यांच्या ओळखीचे असल्यामुळे त्यांनी मृतांच्या नातलगांकडून जी माहिती जमविली, तिने स्नो ह्यांचेच म्हणणे खरे ठरले. पंपाशेजारच्या घरात एका आजारी तान्ह्या मुलीची लंगोटे धुतलेले पाणी मैल्याच्या खड्ड्यात टाकले जात होते आणि तो खड्डा विहिरीत पाझरत होता. धर्मगुरूच्या गृहभेटी कोणत्या कामी येऊ शकतात, ह्याचे हे उदाहरण आम्हा धर्मगुरूंनी तरी विसरू नये.

योजना कागदावरच

१८५२ साली आयोगाचे मुख्य अभियंते फ्रँक फॉर्स्टर कामाच्या ताणामुळे निधन पावले आणि बॅझलजेट त्यांच्या जागी आले. १८५६ साली जुना आयोग जाऊन महानगर बांधकाम मंडळ अस्तित्वात आले, तेव्हा मुख्य अभियंता म्हणून त्यांचीच निवड झाली. रॉबर्ट स्टीव्हन्सन आणि इझम्बार्ड ब्रुनेल ह्यांच्यासारख्या अग्रगण्य अभियंत्यांनी त्यांची शिफारस केली होती. त्या वेळी बॅझलजेट जवळजवळ सदतीस वर्षांचे होते.

त्यांची योजना समजायला सोपी होती. सर्व जुनी गटारे उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून नदीकडे उतरत होती. ती नदीला मिळण्यापूर्वीच त्यांना आडवे छेदणारी मोठी भुयारी गटारे नदीला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे बांधावयाची. सारा मैला त्यांतून शहराच्या पूर्वेस दूर न्यावयाचा आणि ओहोटी लागताच नदीत सोडावयाचा, म्हणजे तो समुद्राकडे निघून जाईल. परंतु मैला नेमका कोठे सोडावयाचा ह्यावर सरकार आणि मंडळ ह्यांच्यात दोन वर्षे वाद रंगला. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांचे म्हणणे होते की, मुख आणखी पुष्कळ खाली, समुद्राजवळ न्यावे. त्याचा खर्च फार होता आणि तो कोणी करावा ह्यावर एकमत होईना. आराखडे टेबलावर पडून राहिले.

दुर्गंधीचा उन्हाळा

१८५८ च्या जून महिन्यात लंडनमध्ये असह्य उन्हाळा पडला. नदीचे पाणी आटले आणि काठावर साठलेल्या मैल्याला उकळी फुटावी तशी दुर्गंधी सुटली. इतिहासात हा उन्हाळा महादुर्गंधी ह्या नावानेच ओळखला जातो. संसदेची नवी इमारत अगदी नदीकाठी होती. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगण्यात आले, तरी सभासदांना बसवेना. अर्थमंत्री डिझरेली ह्यांना हाती कागदपत्रे आणि नाकाला रुमाल धरून समितीच्या दालनातून बाहेर पळताना लोकांनी पाहिले.

आम्हांला ह्या प्रसंगात एक कटू सत्य दिसते. पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांत हजारो माणसे पटकीने मेली, तेव्हा तिजोरीचे दार उघडले नाही. घाणीचा वास सत्ताधाऱ्यांच्या नाकापर्यंत पोहोचला, तेव्हा १५ जुलैला मांडलेले विधेयक २ ऑगस्टला कायदा होऊन बाहेर पडले. अवघे अठरा दिवस लागले. मंडळाला तीस लाख पौंडांचे कर्ज काढण्याची परवानगी मिळाली आणि सरकारी नकाराधिकारही गेला. डॉ. स्नो मात्र त्याच वर्षी १६ जूनला, आपले मत सर्वमान्य झालेले पाहण्याआधीच, देवाघरी गेले होते.

जमिनीखालचे शहर

१८५९ पासून पुढे अनेक वर्षे लंडन खणले जात होते. सुमारे १३२ किलोमीटर लांबीची मुख्य भुयारी गटारे आणि त्यांना येऊन मिळणारी सतराशे किलोमीटरहून अधिक लांबीची रस्त्यांखालची गटारे बांधण्यात आली. ह्या कामात ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या असे सांगतात. अनेक भुयारांचा छेद अंड्यासारखा, निमुळता भाग खाली ठेवलेला असे. पाणी कमी असले तरी ते अरुंद तळातून जोराने वाहते आणि गाळ बसत नाही, हे त्यातले मर्म. पोर्टलंड सिमेंट त्या काळी नवीन होते. बॅझलजेट ह्यांनी ते वापरण्याचे धाडस केले, मात्र मालाची काटेकोर चाचणी घेण्याचा दंडक घालून. भुयारांचे आकारमान ठरविताना त्यांनी त्या दिवशीची वस्ती न धरता पुढे वाढणारी वस्ती धरली. जन्माला न आलेल्या माणसांसाठी त्यांनी जागा राखून ठेवली, असेच म्हणावे लागेल.

पाणी उताराने जाते, पण लंडन बरेचसे सपाट आहे. म्हणून डेप्टफर्ड, क्रॉसनेस, ॲबी मिल्स आणि चेल्सी येथे वाफेच्या यंत्रांनी मैला वर उचलून पुढे ढकलणारी केंद्रे उभारण्यात आली. ४ एप्रिल १८६५ रोजी क्रॉसनेस येथे युवराजांच्या हस्ते यंत्रे सुरू झाली. आत नक्षीदार ओतीव लोखंडाचे खांब आणि कमानी आहेत. मैल्याच्या कामासाठी बांधलेली ती वास्तू एखाद्या मंदिरासारखी भासते.

नदीच्या काठाने मुख्य गटार न्यावयाचे तर गजबजलेले रस्ते खणावे लागले असते. त्याऐवजी बॅझलजेट ह्यांनी नदीच्या पात्रातच भक्कम दगडी बांध घातले आणि त्यांच्या पोटात गटार ठेवले. उत्तर काठच्या बांधात आगगाडीचे भुयारही सामावून घेतले. अल्बर्ट, व्हिक्टोरिया आणि चेल्सी असे तीन बांध १८७४ पर्यंत पूर्ण झाले आणि त्यांनी ५२ एकर जमीन नदीकडून मिळविली. पूर्वी जेथे चिखल आणि विष्ठा होती, तेथे वृक्षराजी, उद्याने आणि प्रशस्त मार्ग झाले.

ह्या साऱ्याचे फळ १८६६ साली स्पष्ट दिसले. त्या वर्षी पटकी पुन्हा आली आणि साडेपाच हजारांहून अधिक माणसे गेली. परंतु बहुतेक मृत्यू पूर्वेकडील ज्या भागात झाले, तो भाग नव्या गटारांना अजून जोडलेला नव्हता. उरलेले लंडन बचावले. त्यानंतर लंडनमध्ये पटकीची साथ कधीही आली नाही. दुर्गंधी घालवायला निघालेल्या माणसाने, रोगाचे खरे कारण बहुतेकांना पटलेले नसतानाही, असंख्य जिवांना वाचविले. १८७५ साली त्यांना सर हा किताब मिळाला.

खाली राहणारा शेजारी

येथेच हे चरित्र संपविले असते, तर ते सुखाचे झाले असते. परंतु सत्याची सेवा करावयाची तर पुढचा भागही सांगितला पाहिजे.

मैला शहरातून गेला होता, नाहीसा झाला नव्हता. लंडन ब्रिजपासून वीसएक किलोमीटर खाली, उत्तर काठावर बेक्टन आणि दक्षिण काठावर क्रॉसनेस येथे तो जसाच्या तसा, कोणतीही शुद्धी न होता, दररोज नदीत सोडला जात होता. तेथेही माणसे राहत होती. जवळच्या बार्किंग गावच्या अँग्लिकन धर्मगुरूंनी गावकऱ्यांसह सरकारकडे अर्ज केला की, आमच्या नदीत गाळ साठत आहे, आमचे काठ घाण झाले आहेत. १८६९ च्या सुमारास त्याची चौकशी झाली, पण व्यवस्था होती तशीच राहिली. बॅझलजेट आणि त्यांचे मंडळ आपल्या योजनेचा बचाव करीत राहिले. आपल्या हातून घडलेल्या सुंदर कामात उणीव आहे, हे मान्य करणे कोणालाही जड जाते.

३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी प्रिन्सेस ॲलिस नावाची आगबोट सहलीला गेलेल्या कुटुंबांना घेऊन लंडनकडे परतत होती. बायका होत्या, मुले होती, वाद्यवृंद होता. गॅलियन्स रीच ह्या वळणावर कोळसा वाहणाऱ्या बायवेल कॅसल ह्या मोठ्या जहाजाशी तिची टक्कर झाली आणि काही मिनिटांतच ती बुडाली. सुमारे ६५० माणसे मृत्युमुखी पडली. ही जागा त्या दोन मुखांच्या जवळच होती आणि थोड्याच वेळापूर्वी कोट्यवधी लिटर मैला नदीत सोडला गेला होता. लोक पाण्यात पडले नाहीत, मैल्यात पडले. प्रेतांची अवस्था अशी झाली होती की, नातलगांना ती ओळखता येईनात. वाचलेल्यांपैकीही काही जण पुढील दिवसांत दगावले.

टक्कर गटारामुळे झाली नव्हती, हे खरे. तरीही ह्या दुर्घटनेने लंडनकरांना एक गोष्ट दाखवून दिली. जी घाण आपण संपली असे समजत होतो, ती फक्त आपल्या नजरेआड झाली होती. बार्किंगचे धर्मगुरू आणि गावकरी जे अर्जात सांगत होते, ते आता कोणाला नाकारता येईना. १८८२ साली शाही आयोग नेमण्यात आला आणि मैला असाच नदीत सोडणे योग्य नाही, असा निर्वाळा त्याने दिला. त्यानंतर दोन्ही ठिकाणी गाळ खाली बसवून पाणी वेगळे करण्याची व्यवस्था झाली. तो गाळ जहाजांत भरून समुद्रात टाकला जाऊ लागला. १८८७ साली जलावतरण झालेल्या त्यांतील पहिल्या जहाजाचे नाव होते बॅझलजेट. प्रश्न आणखी थोडा पुढे सरकला, एवढेच. समुद्रात गाळ टाकणे थांबायला १९९८ साल उजाडावे लागले.

अखेरची वर्षे आणि नंतर

सर जोसेफ १८८९ साली, महानगर मंडळ विसर्जित झाले तेव्हा, निवृत्त झाले. १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डन येथील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. तेथील सेंट मेरी मंदिराच्या आवारात त्यांचे दफन झाले. व्हिक्टोरिया बांधावर त्यांचे छोटे स्मारक आहे. त्यांनी नदीला बेड्या घातल्या, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरलेले आहेत. गौरवासाठी लिहिलेले हे शब्द आज वाचताना मन थोडे थबकते. माणसाने नदीला बेड्या घालाव्यात, की नदीच्या बेड्या तोडाव्यात?

थेम्सची कहाणी त्यांच्याबरोबर संपली नाही. शहर वाढत गेले, महायुद्धातील बॉम्बवर्षावाने गटारांची हानी झाली आणि १९५७ साली लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने थेम्सचा शहरालगतचा पट्टा जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर शुद्धीकरण केंद्रे सुधारण्यात आली, पाण्यात पुन्हा प्राणवायू आला आणि १९७४ साली सुमारे दीडशे वर्षांनंतर सामन मासा थेम्समध्ये सापडला. आज तेथे शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदले गेले आहेत. तरीही पाऊस आणि मैला एकाच भुयारातून वाहत असल्याने मुसळधार पावसात गटारे नदीत ओसंडत राहिली. ती घाण अडविण्यासाठी नदीखालून सुमारे पंचवीस किलोमीटरचे महाभुयार खोदण्यात आले आणि २०२५ साली ते पूर्णपणे जोडले गेले. बॅझलजेट ह्यांच्या विटा मात्र अजूनही आपल्या जागी आहेत आणि काम करीत आहेत.

आपल्यासाठी बोध

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात ३४व्या अध्यायात परमेश्वर आपल्या मेंढरांचा न्याय करतो. धष्टपुष्ट मेंढरांवर त्याचा एक आरोप असा आहे की, त्यांनी स्वतः निर्मळ पाणी प्यायले आणि उरलेले पायांनी गढूळ केले. दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ह्या वचनात नदीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला राहणाऱ्यांचा सारा संबंध आला आहे. त्याच ग्रंथाच्या ४७व्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून एक झरा निघतो, त्याची नदी होते आणि ती जेथे जेथे जाते, तेथे जीवन बहरते. समुद्राचे खारे पाणीही गोड होते आणि कोळी काठावर जाळी पसरतात. मंदिरातून निघणारे पाणी खाली राहणाऱ्यांना जीवन देते, हे पवित्र शास्त्राचे चित्र आहे. आपल्या घरातून आणि मंदिराच्या आवारातून निघणारे पाणी खाली काय घेऊन जाते?

उत्पत्तीच्या पुस्तकात मानवाला बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी ठेवले आहे. तो मालक नाही, कारभारी आहे आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. सर जोसेफ ह्यांनी आपल्या वाट्याचा कारभार मोठ्या निष्ठेने केला. त्यांच्या हातून राहिले ते एवढेच की, त्यांच्या हिशेबाची वही शहराच्या हद्दीपाशी संपत होती. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली लाउदातो सी ह्या परिपत्रकातून शिकविले की, पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे करता येत नाहीत. थेम्सच्या काठी हे फार आधी दिसून आले होते.

पापनिवेदनाला येणारा भाविक आपले पाप दुसऱ्याच्या माथी मारून मोकळा होत नाही. तो ते ओळखतो, कबूल करतो, झालेली हानी भरून देतो. नदीच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. कचरा आपल्या दारातून नाल्यात ढकलणे म्हणजे स्वच्छता नव्हे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत २४ तासांत सांताक्रुझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा आपण ज्याला नाला म्हणत होतो ती नदी आहे, हे पुष्कळांना प्रथमच उमगले. आपल्या नाल्यांच्या आणि खाड्यांच्या मुखाशी आपलेच कोळी बांधव राहतात. त्यांच्या जाळ्यांत मासळीबरोबर प्लॅस्टिक येते, ते आपण कोणी तरी वर टाकलेले असते. मिस्साबलिदानात ते आपल्या शेजारच्या बाकावर बसतात; नदीच्या हिशेबात मात्र आपण त्यांना विसरतो.

म्हणून ह्या सृष्टीच्या काळात प्रत्येक धर्मग्रामाने झाड लावण्याबरोबरच आणखी एक छोटे काम करावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या मंदिराचे, शाळेचे, वसाहतीचे सांडपाणी कोठे जाते, ते युवकांनी एका रविवारी मिस्सानंतर चालत जाऊन पाहावे. नाल्याच्या काठाकाठाने, तो जेथे खाडीला किंवा नदीला मिळतो तेथपर्यंत जावे. तेथे कोण राहते ते पाहावे, त्यांच्याशी बोलावे आणि परत येऊन धर्मग्राम समितीला सांगावे. पुढे काय करावयाचे, ते त्या भेटीतून आपोआप सुचेल.

स्नानसंस्काराच्या पाण्याने आपल्याला नवा जन्म देणारा परमेश्वर आपल्याला खाली राहणाऱ्या शेजाऱ्याची आठवण सदैव देवो आणि आपल्या दारातून वाहून जाणारे पाणी त्याच्या दारी शाप न होता आशीर्वाद होऊन पोहोचो, हीच प्रार्थना.